स्वतंत्र संचालक, ऑडिट कमिटी आणि तुमचे मत: कंपनीवरचा अंकुश नेमका कुठे लागतो?

प्रश्न असा आहे: शेअर बाजारात नोंदणीकृत कंपनीत एक तृतीयांश ते निम्मे संचालक स्वतंत्र, म्हणजे मालकांशी हितसंबंध नसलेले असतात, हिशेबांवर लक्ष ठेवणारी ऑडिट कमिटी असते, वार्षिक अहवालात कारभारावर पंधरा-वीस पाने खर्ची पडलेली असतात. तरीही एके दिवशी घोटाळा बाहेर येतोच. मग या यंत्रणेचा कंपनीच्या उत्तरदायित्वावर आणि कामगिरीवर खरोखर काही परिणाम होतो का? आणि थोडेफार शेअर बाळगणाऱ्याने त्यातले काय तपासावे?

परिणाम होतो, पण सगळ्याच तरतुदींचा होत नाही. दोन प्रकारच्या तरतुदी खऱ्या कामाच्या आहेत. एक, निर्णय होण्याआधी खरी माहिती प्रवर्तकांपासून (कंपनीवर ताबा असलेल्या मालकांपासून) वेगळ्या असलेल्या माणसाच्या हातात पडायलाच हवी अशी सक्ती करणाऱ्या. दुसरी, ज्याचे हित गुंतलेले आहे त्याचे मत त्या ठरावापुरते काढून घेणाऱ्या. समित्यांची संख्या, धोरणांची यादी, संचालकांच्या पदव्या हा सांगाडा आहे. तो लागतोच, पण त्याच्याकडे पाहून पैसे गुंतवू नयेत.

सत्यम कॉम्प्युटर्स या हैदराबादच्या आयटी कंपनीचे प्रकरण जुने झाले असले तरी हा फरक त्याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. कंपनीच्या मंडळावर स्वतंत्र संचालकांचे बहुमत होते, त्यांत व्यवस्थापनशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते, आणि सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कारही कंपनीला मिळाला होता (तो नंतर काढून घेतला गेला). १६ डिसेंबर २००८ रोजी याच मंडळाने मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्यास मंजुरी दिली. त्या दोन्ही सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित होत्या. गुंतवणूकदार इतके खवळले की काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. त्यानंतर ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांचे कबुलीचे पत्र आले. पुस्तकांत रोकड आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. सप्टेंबर तिमाहीची विक्री २,७०० कोटी दाखवली होती, प्रत्यक्षात ती २,११२ कोटी होती. कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा ६१ कोटी होता.

इथे नियम कमी पडले नव्हते. स्वतंत्र संचालकांसाठीचा, शेअर बाजाराच्या नोंदणी करारातला क्लॉज ४९ कुमारमंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींनंतर २००० पासूनच लागू होत आला होता. कमी पडली ती माहितीची वाट. संचालकांसमोर व्यवस्थापनाने तयार केलेलेच कागद येत होते, आणि बँकेतल्या शिलकेची खातरजमा ऑडिटरने स्वतः थेट बँकेकडून पक्की केली नाही. लेखापरीक्षणाच्या मानकाप्रमाणे शिल्लक कळवणारे पत्र बँकेकडून सरळ ऑडिटरच्या पत्त्यावर यायला हवे. ते कंपनीच्या लेखा विभागामार्फत आले, तर पुरावा म्हणून त्याची किंमत फार थोडी उरते. एवढा एक दुवा तुटला की त्यावर उभी असलेली ऑडिट कमिटी, मंडळ, सभा, सगळीच मंडळी खोट्या आकड्यांवर चर्चा करत राहतात.

बाहेरच्या माणसाला बँकेकडून पत्र मागवता येत नाही, पण एक ढोबळ तपासणी दहा मिनिटांत होते. वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची रोकड व मुदत ठेवी घ्या, सरासरी काढा आणि 'इतर उत्पन्न' या टिपेतले व्याज तिच्याशी ताडून पाहा. सरासरी २,००० कोटी असेल आणि त्या वर्षी ठेवींचा दर साडेसहा-सात टक्के असेल, तर व्याज १३० ते १४० कोटींच्या आसपास दिसायला हवे. ५० कोटीच दिसले तर तीन शक्यता उरतात: पैसे चालू खात्यात पडून आहेत, ते फक्त ३१ मार्चपुरते आणले होते, किंवा ते नाहीतच. यांतली पहिली निष्काळजी आहे, उरलेल्या दोन गंभीर आहेत. शेकडो कोटींची रोकड पडलेली असताना कंपनी त्याच वर्षी महाग दराने कर्ज काढत असेल, तर संशय दुपटीने धरावा.

आता अंकुश नीट लागलेले उदाहरण. रेमंड कंपनीने २०१७ च्या वार्षिक सभेत एक ठराव मांडला होता. मुंबईतल्या जे. के. हाउस या पुनर्विकसित इमारतीतले फ्लॅट प्रवर्तक कुटुंबातल्या सदस्यांना चौरस फुटाला ९,२०० रुपये दराने विकायचे होते. त्या भागातल्या बाजारभावाच्या मानाने हा दर अगदीच किरकोळ होता. ठरावाच्या विरोधात ९७ टक्क्यांहून अधिक मते पडली. हे शक्य झाले ते दोन साध्या तरतुदींमुळे. संबंधित पक्षाला अशा ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही, त्यामुळे प्रवर्तकांचा मोठा हिस्सा मोजणीत धरलाच गेला नाही. आणि ई-व्होटिंग होते. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय रत्नागिरीच्या झाडगावात आहे. सभेला जाऊन हात वर करण्याची जुनी पद्धत असती, तर मुंबईचे फंड मॅनेजर आणि देशभरचे किरकोळ भागधारक किती पोचले असते? उत्तरदायित्व म्हणतात ते इथे कुणाच्या सद्‌भावनेवर सोडलेले नव्हते, ते मतमोजणीच्या पद्धतीतच बसवलेले होते.

म्हणून माझे मत असे की, वार्षिक अहवालातली सर्वांत महत्त्वाची टीप रिलेटेड पार्टी व्यवहारांची, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या इतर कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या लिस्टिंग नियमांप्रमाणे अशा व्यवहाराला ऑडिट कमिटीची आगाऊ मंजुरी लागते आणि ती कमिटीतल्या फक्त स्वतंत्र संचालकांनी द्यायची असते. व्यवहार 'मोठा' ठरला तर भागधारकांचा ठराव लागतो. १ एप्रिल २०२२ पासून 'मोठा' म्हणजे १,००० कोटी रुपये किंवा एकत्रित वार्षिक उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जे कमी ते, अशी मर्यादा आली. सेबी हे आकडे बदलत असते, म्हणून मत देण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम पाहून घ्यावा. ब्रँडच्या वापरासाठी किंवा रॉयल्टी म्हणून द्यायच्या रकमेला वेगळी, ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

फसवणूक बहुधा मर्यादेच्या खालीच होते. एक मोठा व्यवहार पाच उपकंपन्यांत वाटून टाकतात. वर्षभरासाठी एकगठ्ठा मंजुरी घेतात आणि तिच्या आड दर बदलत जातो. मालाची खरेदी म्हणून दिलेला 'अ‍ॅडव्हान्स' दोन-दोन वर्षे मालाशिवाय उभा राहतो. तो खरे तर बिनव्याजी कर्ज असतो. सजग ऑडिट कमिटी अशा वेळी व्यवस्थापनाकडे मागते ते असे: नाते काय, दर कशावरून ठरवला, बाहेरच्या दोन पुरवठादारांचे दर काय होते, उधारीची मुदत इतरांना देतो तेवढीच आहे का, आणि तिमाहीअखेर येणे बाकी किती. उपकंपनीला कर्ज दिले असेल तर त्यावरचा व्याजदर कंपनी स्वतः बँकेला देते त्याहून कमी आहे का, हा एकच प्रश्न पुष्कळ काही उघड करतो. भागधारकाला कमिटीची टिपणे मिळत नाहीत, पण टिपेतली वर्षअखेरची बाकी तीन वर्षांची शेजारी-शेजारी मांडता येते. व्यवहाराची रक्कम स्थिर आणि बाकी मात्र फुगत चालली असेल, तर पैसे परत येत नाहीत.

इथेच कामगिरीचा धागाही सापडतो. रॉयल्टीचे गणित करून पाहा. उलाढाल १,००० कोटी आणि करपूर्व नफा १५० कोटी असलेल्या कंपनीने पालक कंपनीला देण्याची रॉयल्टी ४.५ वरून ५.२५ टक्के केली, तर वर्षाला साडेसात कोटी जास्त जातात, म्हणजे नफ्याचे पाच टक्के. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण हीच टक्केवारी मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाच्या भागधारकांपुढे आली होती आणि त्यांनी वाढ नाकारली. कारखान्यात पाच टक्के नफा वाढवायला व्यवस्थापन वर्षभर घाम गाळते. तेवढाच पैसा एका ठरावाने जातो किंवा राहतो.

ऑडिट कमिटीची रचना कायद्याने ठरवलेली आहे: किमान तीन संचालक, त्यांतले दोन तृतीयांश स्वतंत्र, अध्यक्ष स्वतंत्र, आर्थिक पत्रके सगळ्यांना वाचता यावीत आणि किमान एकाला हिशेबाचे खास ज्ञान असावे. वर्षाला किमान चार बैठका, आणि दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर नको. हे सगळे जवळपास प्रत्येक कंपनी पाळते, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. कळते ते बैठकांच्या तारखांवरून. अहवालात त्या छापलेल्या असतात. वर्षात नेमक्या चारच बैठका झाल्या आणि चारही निकाल जाहीर झाला त्याच दिवशी, मंडळाच्या बैठकीआधी उरकल्या, तर त्या कमिटीने आकडे मंजूर करण्यापलीकडे फारसे काही केले नसावे असे मी धरून चालतो. अंतर्गत लेखापरीक्षकाचे निष्कर्ष, थकीत येणी, न्यायालयीन दावे यांना वेळ द्यायचा तर आणखी दोन-तीन बैठका लागतातच.

आत काय बिघडते तेही ठरलेले आहे. सचिवीय मानकांप्रमाणे बैठकीचा विषय आणि टिपणे सात दिवस आधी द्यायची असतात. भावसंवेदनशील, म्हणजे शेअरचा भाव हलवू शकणाऱ्या माहितीसाठी यात सवलत आहे, आणि तिचा गैरफायदा घेऊन तीनशे पानांचे गाठोडे आदल्या रात्री येते किंवा अवघड विषय ऐनवेळी टेबलावर ठेवला जातो. अशा वेळी स्वतंत्र संचालकाने विषय पुढे ढकलायला सांगावे आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. मसुदा इतिवृत्त बैठकीनंतर १५ दिवसांत सगळ्यांकडे यायला हवे आणि त्यावर हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. आपला विरोध त्यात शब्दशः आला आहे का हे न पाहणारा संचालक पुढे 'मी विरोध केला होता' असे सांगू शकत नाही. कंपनी कायद्याप्रमाणे स्वतंत्र संचालकाची जबाबदारी ठरते ती त्याच्या माहितीने, मंडळाच्या प्रक्रियांतून कळण्यासारखे जे घडले त्यासाठी, त्याच्या संमतीने वा संगनमताने जे झाले त्यासाठी, किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही तर. इतिवृत्त हाच तिथे पुरावा.

स्वतंत्र संचालक खरोखर स्वतंत्र असतो का, हा प्रश्न नेहमी येतो. त्याची निवड प्रवर्तकांच्याच संमतीने होते ही यंत्रणेतली सर्वांत कच्ची कडी आहे. १ जानेवारी २०२२ पासून नोंदणीकृत कंपनीत त्याच्या नेमणुकीला विशेष ठराव, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात (नोव्हेंबर २०२२ पासून, तो पडला तरी साधे बहुमत आणि सार्वजनिक भागधारकांचे बहुमत मिळाले तर नेमणूक होऊ शकते). सुधारणा चांगली आहे, पण गणित पाहा. प्रवर्तकांकडे ६० टक्के शेअर आहेत, बाकीच्यांपैकी ३० टक्के मत देतात. एकूण ९० पैकी ६७.५ मते हवीत. प्रवर्तकांची ६० आहेतच, म्हणजे बाहेरची साडेसात मते पुरतात, बाहेरच्या मतदारांपैकी फक्त एक चतुर्थांश. प्रवर्तकांचा हिस्सा ४० टक्के असेल तर हेच चित्र पालटते: ४० आणि ५० मिळून ९०, प्रवर्तकांची सगळी मते पडली तरी विशेष ठरावाला बाहेरची साडेसत्तावीस, म्हणजे निम्म्याहून जास्त मते मिळवावी लागतात. तेव्हा एकच नियम प्रत्येक कंपनीत सारखा चालत नाही. प्रवर्तकांचा हिस्सा किती यावर त्याची धार ठरते.

तीच धार २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या ठरावात दिसली. व्यवस्थापकीय संचालकांची फेरनेमणूक आणि वेतन एकाच विशेष ठरावात बांधले होते. बाजूने ७३ टक्के मते पडली तरी ठराव पडला, कारण ७५ लागत होती. नंतर वेतनाची कमाल मर्यादा कमी करून विषय पुन्हा आणला आणि तो मंजूर झाला. माणूस नको होता असे नाही, किंमत जास्त वाटली होती.

राजीनाम्यांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. मुदतीआधी गेलेल्या स्वतंत्र संचालकाची कारणे कंपनीला सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावी लागतात, आणि 'याशिवाय दुसरे महत्त्वाचे कारण नाही' अशी त्याची कबुलीही जोडावी लागते. ती कबुली गायब असेल किंवा गोलमोल असेल तर पत्र पुन्हा वाचा. ऑडिटर मुदतीच्या मध्येच गेला तर ते अधिक गंभीर. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांच्या आत राजीनामा देणाऱ्याला त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जावे लागते, त्यानंतर दिला तर पुढच्या तिमाहीचाही. 'शुल्क परवडत नाही' हे कारण वाचले की आधीच्या वर्षीचे शुल्क आणि तेव्हाचे काम ताडून पाहावे. एकाच तिमाहीत ऑडिटर, वित्तप्रमुख आणि एखादा स्वतंत्र संचालक गेला, तर मी कारण शोधत बसण्याआधी शेअर विकण्याचा सल्ला देईन.

ऑडिटरच्या अहवालाला जोडलेले कारो २०२० चे (ऑडिटरने काय काय सांगावे हे ठरवणाऱ्या सरकारी आदेशाचे) परिशिष्ट बहुतेक जण उलटतही नाहीत. हे आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून लागू आहे आणि त्यात ऑडिटरला मुद्देसूद उत्तरे द्यावी लागतात. मी चार कलमे आधी पाहीन. बँकेला दर तिमाहीत दिलेली माल आणि येण्यांची पत्रके हिशेबाच्या वह्यांशी जुळतात का. तफावत असेल तर तक्ताच दिलेला असतो, आणि बँकेला साठा फुगवून सांगणारा माणूस तुम्हालाही तेच सांगत असतो. अल्प मुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामात घातला आहे का. वादात नसलेली सरकारी देणी, भविष्यनिर्वाह निधीसकट, सहा महिन्यांहून जास्त थकली आहेत का. हे रोकड संपत आल्याचे पहिले लक्षण. आणि आतून आलेल्या तक्रारी ऑडिटरने विचारात घेतल्या का.

यांतल्या दुसऱ्या कलमाचे महत्त्व पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहाने दाखवून दिले. वीस-पंचवीस वर्षांनी पैसे देणारे रस्ते आणि बोगदे, आणि त्यामागे काही महिन्यांत फेडायचे कर्ज. जोखीम व्यवस्थापन समिती होती, पण ती कित्येक वर्षांत एकदाच भरल्याचे नंतर समोर आले. समूहात तीनशेहून अधिक कंपन्या होत्या, कर्ज ९० हजार कोटींच्या घरात, आणि २०१८ मध्ये हप्ते चुकायला लागण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत पत मानांकन सर्वोच्च होते. १ ऑक्टोबर २०१८ रोजी सरकारने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने मंडळ बरखास्त करून बँकर उदय कोटक यांच्या नेतृत्वाखाली नवे मंडळ बसवले. उपकंपन्यांची संख्या वाढत जाते तसे कोण कशाला जबाबदार हे विरत जाते. म्हणून व्यवसायाच्या मानाने उपकंपन्या अवाजवी असतील, तर तोच एक इशारा समजावा.

तारण शेअरबद्दल थोडक्यात. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता येतो, त्यात प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत तो रकाना असतो. भाव पडला की सावकार आणखी शेअर मागतो, ते संपले की बाजारात विकतो. अशा प्रवर्तकाला पुढच्या पाच वर्षांपेक्षा पुढच्या आठवड्याचा भाव महत्त्वाचा होतो, आणि कंपनीतले निर्णयही तसेच होऊ लागतात.

चांगला कारभार म्हणजे चांगला धंदा असे मात्र नाही. मंडळ कितीही सजग असले तरी मरगळलेल्या धंद्यात ते विक्री वाढवू शकत नाही. त्याचा परिणाम दिसतो तो पैसा कुठे जातो यात. पाच वर्षांचा कामकाजातून आलेला रोख प्रवाह एकत्र करा आणि त्याला पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याच्या बेरजेने भागा. बँका आणि वित्त कंपन्या सोडून, हे प्रमाण सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या खाली सतत राहत असेल तर नफा कागदावर आहे की खिशात, हे विचारायला हवे. वेगाने वाढणाऱ्या कंपनीत माल आणि उधारीत पैसा अडकतो, तेव्हा एका वर्षावरून निकाल देऊ नये. मग प्रवर्तकांच्या वेतनाची पाच वर्षांची वाढ नफ्याच्या वाढीशेजारी ठेवा. नफा अर्ध्यावर आला आणि वेतन वाढले, तर वेतन समिती नावापुरती आहे.

राहिला तुमच्या मताचा भाग. सभेची नोटीस २१ दिवस आधी येते. तिच्यातले 'स्पष्टीकरणात्मक निवेदन' वाचा, ठरावाचा मजकूर फसवा असू शकतो. ई-व्होटिंग किमान तीन दिवस खुले असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट संस्थांच्या खात्यातून मत देता येते. शेअर नोटिशीत दिलेल्या कट-ऑफ तारखेला तुमच्या नावावर असले पाहिजेत. सभेत बोलायचे तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवा आणि प्रश्न आकड्यांत विचारा. 'कारभार सुधारा' याला आभाराचे उत्तर मिळते. 'टीप क्रमांक अमुकमधल्या उपकंपनीच्या कर्जावर गेल्या वर्षी किती व्याज आकारले आणि त्यातले रोख किती मिळाले?' याला आकडा द्यावा लागतो, किंवा तो टाळल्याचे सगळ्यांना दिसते.

दोन कामकाजी दिवसांत मतदानाचा निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. ठराव मंजूर झाला एवढेच पाहून थांबू नका. निकालात प्रवर्तक, संस्था (म्युच्युअल फंडांसारखे मोठे गुंतवणूकदार) आणि इतर भागधारक असे तीन वेगळे हिस्से असतात. १ एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मत देणे बंधनकारक आहे, त्यामुळे संस्थांचा रकाना आता अर्थपूर्ण झाला आहे. प्रवर्तकांच्या जोरावर मंजूर झालेल्या ठरावाला संस्थांपैकी तीस-चाळीस टक्के विरोध असेल, तर पुढच्या वर्षीच्या अहवालात सर्वांत आधी तोच विषय उघडा.